कुणाचं विमान भारी, कुणाचं सैन्य भारी, कोण मोठा सेनापती: तुलना करायची तर कशी?

प्रश्न तीन आहेत आणि तिन्ही एकमेकांत गुंतलेत म्हणून एकत्रच उत्तर देतो. दोन लढाऊ विमानांपैकी भारी कुठलं ते कसं ठरवायचं, दोन देशांच्या सैन्याचे आकडे बघून कोण जिंकेल ते सांगता येतं का, आणि रोमेल की मॉन्टगोमरी, बाजीराव असता तर पानिपत वेगळं झालं असतं का, असल्या तुलनेला काही अर्थ आहे का. मी हवाई दलात आधी विमानांच्या देखभालीत आणि नंतर नियोजनाच्या टेबलावर काम केलंय, त्यामुळे माझं उत्तर हँगरमधून आणि नकाशावरून येणार हे लक्षात घ्या, फायटर पायलट कदाचित वेगळ्या ठिकाणाहून सुरुवात करेल.

माझं मत सरळ आहे. विमान एकटं कधीच लढत नाही. आधी एक काम ठरलेलं असतं, ते कुठून निघून कुठे जाऊन करायचंय ते ठरलेलं असतं, आणि त्या कामामागे रडार, टँकर, मिसाईल, स्पेअर, ग्राउंड क्रू, रेडिओ, हुकूम देणारा माणूस अशी लांबलचक साखळी असते. समोरच्याचीही तशीच असते. तुलना होते ती त्या दोन साखळ्यांची, त्या एका कामापुरती, त्या एका वेळेपुरती. काम बदललं की उत्तर बदलतं. म्हणून "हे विमान भारी का ते" असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, कशासाठी आणि कुठून उडणार?

आता विमानाचा तक्ता घ्या, जो सगळे एकमेकांना पाठवत असतात. सगळ्यात वर टॉप स्पीड. मॅक २ (ध्वनीच्या दुप्पट वेग) लिहिलेलं असतं ते खोटं नसतं, पण ते विमान बॉम्ब नाही, ड्रॉप टँक म्हणजे बाहेर लटकवलेली जादा इंधनाची टाकी नाही, अशा अवस्थेत ११ किमी किंवा त्याहून वर, पूर्ण आफ्टरबर्नर (इंजिनाच्या मागे जादा इंधन जाळून मिळणारा जोर) लावून गाठतं आणि तेही मोजकी मिनिटं, कारण त्या वेगात इंधन अक्षरशः ओतलं जातं. कोरियापासून आजपर्यंत विमानांच्या प्रत्यक्ष झटापटी बहुतेक सगळ्या ध्वनीच्या वेगाच्या खाली किंवा जेमतेम आसपास झाल्यात. मग येतो पल्ला. तिथं बऱ्याचदा फेरी रेंज दिलेली असते, म्हणजे रिकामं विमान इंधनाच्या जादा टाक्या लावून एका दिशेनं किती लांब जाईल ते. लढाईत लागतो तो कॉम्बॅट रेडियस, म्हणजे शस्त्रं घेऊन जायचं, तिथं थोडा वेळ थांबायचं, लढायचं आणि परत यायचं. गाडीच्या कंपनीनं सांगितलेलं मायलेज आणि घाटात चार माणसं बसवून मिळणारं मायलेज यात जेवढा फरक, त्याहून हा फरक मोठा असतो.

मिसाईलचा पल्लाही तसाच. १०० किमी लिहिलंय म्हणजे डागणारं विमान उंचावर आणि वेगात आहे, समोरचं विमानही उंचावर आहे आणि सरळ तुमच्याकडेच येतंय. तेच विमान वळून पळायला लागलं आणि खाली हवा दाट असलेल्या उंचीवर उतरलं तर त्याच मिसाईलचा पल्ला कधीकधी पावसुद्धा उरत नाही. रडारचं तर अजून वेगळं. रडारला विमान किती लांबून दिसेल हे विमानाच्या रडार क्रॉस सेक्शनच्या (विमान रडारला किती मोठं दिसतं त्या मापाच्या) चौथ्या मुळाशी जोडलेलं असतं, म्हणजे क्रॉस सेक्शन १६ पट कमी केला तर दिसण्याचं अंतर फक्त निम्मं होतं, आणि अंतर दहाव्या भागावर आणायचं असेल तर क्रॉस सेक्शन १०,००० पट कमी करावा लागतो. स्टेल्थसाठी, म्हणजे रडारपासून लपण्यासाठी, एवढा खर्च का येतो ते इथं कळतं. आणि कुठल्याही रडारचा पल्ला सांगताना "किती मोठ्या टार्गेटसाठी" हे सांगितलं नसेल तर तो आकडा तुलनेच्या कामाचा नाही, सोडून द्या.

मिग-२५ चं उदाहरण मला फार आवडतं. पश्चिमेकडे वाटत होतं की सोव्हिएत लोकांनी कुणालाही न जुमानणारं सुपर फायटर बनवलंय, प्रचंड पंख, प्रचंड वेग. ६ सप्टेंबर १९७६ ला बेलेंको नावाचा सोव्हिएत पायलट ते विमान घेऊन जपानात हाकोदातेला उतरला आणि अमेरिकन लोकांनी ते खोलून बघितलं. आत निघालं काय, तर बरंचसं निकेल स्टील, रडारमध्ये व्हॅक्यूम ट्यूब, आणि जड, पल्ला कमी, वळायला आळशी असलेलं विमान. मग लगेच उलटी लाट आली की हे तर भंगार. तेही चूक. ते विमान डॉगफाईटसाठी (जवळच्या झटापटीसाठी) नव्हतंच, खूप उंचावरून खूप वेगात येणाऱ्या बॉम्बरला गाठायला केलेलं इंटरसेप्टर होतं, आणि त्याचंच टेहळणी मॉडेल आपल्या हवाई दलानं १९८१ पासून २००६ पर्यंत वापरलं, कारण त्या उंचीवर आणि त्या वेगात त्याला हात लावणं अवघड होतं. आणि १७ जानेवारी १९९१ ला, आखाती युद्धाच्या पहिल्याच रात्री, इराकच्या मिग-२५ नं अमेरिकेचं एफ/ए-१८ पाडलं. सुपर फायटर आणि भंगार ही दोन्ही मतं एकाच विमानाबद्दल झाली, कारण दोन्ही वेळा त्याचं काम काय हे बघितलंच गेलं नाही.

साखळी म्हणजे काय हे सगळ्यात स्पष्ट दिसतं फॉकलंड बेटांसाठी ब्रिटन आणि अर्जेंटिना लढले तेव्हा, १९८२ ला, म्हणून तिथं जरा थांबतो. कागदावर बघा. अर्जेंटिनाकडे मिराज ३ आणि डॅगर, दोन्ही ध्वनीच्या दुप्पट वेगाची. ब्रिटनकडे सी हॅरियर, सपाट उडताना ध्वनीचा वेगही ओलांडत नाही, आणि सुरुवातीला दोन विमानवाहू नौकांवर मिळून फक्त २० च्या आसपास. तक्ता बघून कुणीही अर्जेंटिनाच्या बाजूनं मत दिलं असतं. झालं असं की हवाई लढाईत एकही सी हॅरियर पडलं नाही आणि त्यांनी २० च्या आसपास विमानं पाडली.

का? लोक दोन कारणं सांगतात. एक म्हणजे हॅरियर नोझल फिरवून हवेतच ब्रेक मारतं आणि मागचा पुढे निघून जातो. ऐकायला छान आहे, पण त्या युद्धातल्या झटापटीत ती युक्ती वापरली गेली नाही. दुसरं म्हणजे नवीन साइडवाइंडर ९-एल मिसाईल समोरूनही लॉक होत होतं. होत होतं हे खरं, पण बहुतेक सगळी विमानं मागूनच पाडली गेली. खरं कारण नकाशावर आहे. बेटं अर्जेंटिनाच्या तळांपासून साधारण ७०० किमी लांब. मिराज आणि डॅगर हवेत इंधन भरू शकत नव्हते. पोर्ट स्टॅन्लीची धावपट्टी त्यांना तिथून नीट वापरता येईल एवढी लांब नव्हती. म्हणजे बेटावर पोचल्यावर पायलटच्या हातात मोजकी मिनिटं, आणि आफ्टरबर्नर लावला तर परत घरी पोचायची खात्री नाही. ज्या मॅक २ वर तुलना चालली होती तो वेग त्या पायलटला वापरताच येत नव्हता! त्यात सी हॅरियरचे पायलट उत्तम तयारीचे आणि मिसाईल भरवशाचं, मग निकाल तसा लागला.

पण इथं थांबून "हॅरियर भारी" असं लिहून टाकलं तर पुन्हा चुकलं. ब्रिटिशांकडे आकाशातून लांबवर बघणारं रडारचं विमान नव्हतं, आणि एक्झोसेट या जहाजविरोधी मिसाईलच्या भीतीनं नौका बेटांपासून बऱ्यापैकी पूर्वेला ठेवाव्या लागत, त्यामुळे हॅरियरलाही बेटावर गस्तीला वेळ कमीच मिळायचा. त्या फटीतून अर्जेंटिनाचे पायलट घुसले. ४ मे ला शेफिल्ड नौकेला मिसाईल लागलं आणि ती गेली, मग आर्डंट, अँटेलोप, कोव्हेंट्री, अटलांटिक कन्व्हेयर. आणि नौकांवरचे बहुतेक हल्ले कुठल्या विमानानं केले, तर स्कायहॉक, १९५० च्या दशकातलं डिझाईन, साधे बॉम्ब लावलेलं. ते एवढं खालून यायचं की बॉम्ब सुटून जहाजाला लागेपर्यंत फ्यूजला, म्हणजे बॉम्ब फोडणाऱ्या यंत्रणेला, सज्ज व्हायला वेळच मिळायचा नाही, आणि डझनभर बॉम्ब जहाजात घुसून फुटलेच नाहीत. फ्यूजची ती सेटिंग बरोबर असती तर आज आपण कदाचित "सबसॉनिक हॅरियरवर विसंबून राहणं ही घोडचूक" असं वाचत असतो. एका फ्यूजवर, म्हणजे आर्मरर (शस्त्रं बसवणारा) जमिनीवर जे सेट करतो त्याच्यावर, अख्ख्या तुलनेचा निकाल टेकलेला होता. देखभालीत काम केलेल्या माणसाला हे वाचून काय वाटत असेल ते मी वेगळं सांगायला नको.

त्याच वर्षी जूनमध्ये लेबनॉनच्या बेका खोऱ्यात इस्रायलनं सीरियाची ८० च्या वर विमानं पाडली, स्वतःचं हवाई लढाईत जवळजवळ काहीच न गमावता. तिथं एफ-१५, एफ-१६ विरुद्ध मिग-२१, मिग-२३ असा तक्ता मांडतात. पण सीरियाचे पायलट जमिनीवरच्या कंट्रोलरच्या आवाजावर उडायला शिकलेले, आणि इस्रायलनं आधी ड्रोन वापरून मिसाईल बॅटऱ्यांची रडारं चालू करायला लावली, त्या बॅटऱ्या उडवल्या, रेडिओ जाम केले, आणि स्वतःची हॉकआय ही रडारवाली विमानं लांबून सगळं आकाश बघत होती. सीरियाच्या पायलटला कुणी सांगायला नाही आणि स्वतःला दिसत नाही. विमानं अदलाबदल केली असती तरी फार फरक पडला असता असं मला वाटत नाही.

आता पायलटकडे येऊ, आणि इथं एकच पुरावा मी नेहमी देतो कारण तो जवळजवळ प्रयोगशाळेतला आहे. व्हिएतनाममध्ये अमेरिकेचं नौदल आणि हवाई दल दोघंही फँटम एफ-४ उडवत होते, समोर तेच मिग. १९६८ पर्यंत दोघांचाही हिशेब साधारण दोनास एक, म्हणजे दोन मिग पाडल्यामागे स्वतःचं एक विमान गमावलं, फार वाईट. सगळे म्हणत होते की फँटमला गन नाही हीच चूक. हवाई दलानं पुढे गन बसवलेलं एफ-४ई आणलं. नौदलानं काय केलं, तर आपल्या अपयशाचा रिपोर्ट बनवला आणि १९६९ ला मिरामारला फायटर वेपन्स स्कूल काढलं, जे टॉपगन म्हणून ओळखलं जातं. तिथं पायलटना वेगळ्या जातीच्या, मिगसारख्या छोट्या चपळ विमानांविरुद्ध लढायला लावलं, आणि मिसाईल कुठल्या कोनातून, कुठल्या अंतरातून मारलं तर लागतं हे डोक्यात बसवलं. युद्धाच्या शेवटच्या टप्प्यात नौदलाचा हिशेब बारास एकच्या आसपास गेला आणि हवाई दलाचा जवळपास तिथंच राहिला. आणि नौदलाच्या फँटममध्ये आतली गन शेवटपर्यंत नव्हती. विमान तेच, मिसाईल साधारण तेच. त्यामुळे कुणी मला दोन हवाई दलांची तुलना करायला सांगितली तर मी विमानाच्या नावाआधी विचारतो, पायलट वर्षाला किती तास उडतात, आणि ते आपसातच खेळतात की कुणी शत्रूसारखं वागणारं समोर असतं.

अनुभव टिकवायची पद्धतही बघावी लागते. कोरियात सोव्हिएत मिग-१५ अमेरिकन सेबरपेक्षा जास्त उंच जायचं, चढायचं लवकर, तोफा मोठ्या, एक ३७ मिमी आणि दोन २३ मिमी, सेबरकडे अर्ध्या इंचाच्या सहा मशीनगन. सेबरकडे मात्र चहूबाजूंनी दिसणारी कॅनॉपी (कॉकपिटवरचं काचेचं झाकण), जोरात वळताना पायलटला शुद्धीवर ठेवणारा जी-सूट, आणि पुढच्या मॉडेलात पूर्ण हलणारं शेपूट हायड्रॉलिकवर, त्यामुळे वेगात असताना पायलटला कमी ताकद लावून लवकर दिशा बदलता यायची. हे सगळं तक्त्यात कुठल्या रकान्यात बसवणार? आणि सोव्हिएत लोक अख्खी रेजिमेंट एकदम बदलायचे, जुने गेले की त्यांचं शिकलेलं त्यांच्याबरोबर गेलं आणि नवे पुन्हा पहिल्यापासून मार खात शिकायचे, तर अमेरिकन एकेक पायलट बदलायचे आणि स्क्वाड्रनमध्ये अनुभवी माणूस कायम असायचा.

आता किती पाडली या आकड्यांबद्दल, कारण निम्मी भांडणं त्याच्यावरच असतात. कोरियातला सेबरचा दहास एक हा आकडा वर्षानुवर्षं छापला गेला आणि दोन्हीकडची कागदपत्रं ताडून बघितल्यावर बराच खाली आला. १५ सप्टेंबर १९४० ला ब्रिटिशांनी जाहीर केलं १८५ जर्मन विमानं पाडली, प्रत्यक्षात ६० च्या आसपास. यात खोटारडेपणा असतोच असं नाही, दोघातिघांनी एकाच विमानावर गोळ्या झाडल्या की तिघंही प्रामाणिकपणे आपलं म्हणून सांगतात, आणि धूर सोडत खाली गेलेलं विमान कधीकधी घरी पोचतं. म्हणून दावा करणाऱ्याचा आकडा कधीच अंतिम धरू नका. जो हरला त्याची स्क्वाड्रनची नोंद, विमानाचा नंबर, पायलटचं नाव, पडलेले अवशेष, यातलं काय मिळतंय ते बघा. भारत आणि पाकिस्तान यांच्या लढायांबद्दल वाचताना तर हे फारच पाळा, दोन्हीकडे दाव्यांचे डोंगर आहेत.

सरावाच्या निकालांचंही तेच. २००४ ला ग्वाल्हेरला कोप इंडिया सरावात आपल्या सुखोई, मिराज, मिग-२१ बायसननी अमेरिकेच्या एफ-१५सी ला त्रास दिला, याचा मला मनापासून अभिमान आहे, आपल्या पायलटनी डावपेच खरोखर चांगले आणि बदलते ठेवले होते आणि हे अमेरिकनांनीही मान्य केलं. पण त्यावरून "सुखोईनं एफ-१५ ला हरवलं" असं लिहिणं बरोबर नाही, कारण अमेरिकन संख्येनं कमी होते, लांब पल्ल्याच्या मिसाईलवर सरावाच्या नियमानं बंधनं होती, आणि नवीन रडार बसवलेली एफ-१५ आलीच नव्हती. सराव शिकण्यासाठी असतो, त्याचे नियम वाचल्याशिवाय स्कोअर वाचू नये.

आता सैन्याची तुलना, रँकिंगवाली. यात सगळ्यात मोठी गडबड म्हणजे ताफ्यातली संख्या म्हणजेच ताकद असं धरणं. समजा एकाकडे १०० विमानं आहेत, त्यातली ६० टक्के उडायच्या अवस्थेत, आणि एक विमान दिवसाला एक सॉर्टी, म्हणजे एक फेरी, करतं. झाल्या ६० सॉर्टी. दुसऱ्याकडे ६० च विमानं, पण ८० टक्के तयार आणि दिवसाला तीन सॉर्टी, म्हणजे १४४. कागदावर लहान असलेला आकाशात दुपटीहून मोठा झाला. हे कल्पनेतलं गणित नाही, ५ जून १९६७ ला इस्रायलनं नेमकं हेच केलं. सगळी मिळून दोनशेच्या आसपास लढाऊ विमानं, त्यातली १२ घरच्या रक्षणाला ठेवून बाकी सगळी इजिप्तच्या तळांवर धाडली, वेळ अशी निवडली की इजिप्तची पहाटेची गस्त उतरलेली आणि अधिकारी ऑफिसच्या वाटेवर. परत आलेलं विमान दहा मिनिटांच्या आत इंधन, बॉम्ब, गोळ्या भरून पुन्हा हवेत. त्या दहा मिनिटांसाठी जमिनीवरची पोरं किती महिने घाम गाळत असतील! एवढ्या फेऱ्या झाल्या की इजिप्तच्या बाजूला वाटायला लागलं बाहेरच्या कुणाची विमानं मदतीला आली असणार. रँकिंगच्या कुठल्याही यादीत टर्नअराउंडचा वेळ मला अजून दिसलेला नाही.

रणगाड्यांचं म्हणाल तर फ्रान्स १९४०. जर्मनीपेक्षा मित्रराष्ट्रांकडे रणगाडे जास्त होते, आणि फ्रेंच शार बी-१, सोमुआ यांचं चिलखत आणि तोफ जर्मनांच्या बहुतेक रणगाड्यांपेक्षा सरस. १६ मे ला स्टोन गावात एकटा शार बी-१ घुसला, १३ जर्मन रणगाडे उडवले, १४० मार खाल्ले आणि चालत बाहेर आला. तरी सहा आठवड्यांत फ्रान्स पडला. फ्रेंच रणगाड्याच्या टरेटमध्ये (वरच्या फिरत्या बुरुजात) एकच माणूस, तोच कमांडर, तोच गोळा भरणार, तोच नेम धरणार, आणि बऱ्याच रणगाड्यांत रेडिओ नाही. जर्मन पँझर ३ आणि ४ मध्ये टरेटमध्ये तिघं, कमांडर फक्त बघतो आणि बोलतो, आणि सगळे एकमेकांशी रेडिओवर. वरती जर्मन सेनापती गुडेरियनसारखा माणूस सेदानला नदी ओलांडल्यावर मागच्यांची वाट न बघता समुद्राकडे सुटला आणि फ्रेंच हुकूम निघेपर्यंत परिस्थिती बदललेली असायची. १९६५ ला असल उत्तरला पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांचं जे झालं त्यातही चिलखताच्या जाडीचा संबंध कमी होता, पाणी सोडून चिखल केलेली शेतं, उभा ऊस, आणि त्यात दडवून ठेवलेले आपले सेंच्युरियन रणगाडे आणि जीपवरच्या आरसीएल (रणगाडाविरोधी) गन, जिथं अब्दुल हमीद लढले. पॅटनला ज्या मैदानासाठी बनवलं होतं ते मैदानच आपल्या लोकांनी त्याला मिळू दिलं नाही.

सेनापतींकडे येतो, हा माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग. सेनापती मोजायचा तर जिंकलेल्या लढाया मोजून काही कळत नाही. त्याला त्या क्षणी काय माहीत होतं, हातात काय होतं, वरून काय मागितलं होतं, आणि ठरवलेलं फसल्यावर त्यानं काय केलं, एवढं बघायचं.

रोमेल घ्या, दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेत लढणारा जर्मन सेनापती. १९४२ च्या पहिल्या सहा महिन्यांत तो ब्रिटिशांचं मन वाचतोय असं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर तो त्यांची पत्रंच वाचत होता. कैरोतला अमेरिकन लष्करी प्रतिनिधी फेलर्स ब्रिटिशांच्या सगळ्या योजना वॉशिंग्टनला कळवायचा, आणि त्याचं कोड इटालियन लोकांनी रोममधल्या अमेरिकन दूतावासातून आधीच पळवलेलं होतं. जूनच्या शेवटी तो झरा आटला, आणि जुलैमध्ये रोमेलची रेडिओ ऐकणारी तुकडीही ब्रिटिशांच्या बाजूच्या ऑस्ट्रेलियन सैन्यानं पकडली. ब्रिटिश सेनापती मॉन्टगोमरी आला ऑगस्टमध्ये. म्हणजे दोघं समोरासमोर आले तेव्हा एकाचे कान कापलेले आणि दुसऱ्याला अल्ट्रामधून, म्हणजे फोडलेल्या जर्मन गुप्त संदेशांतून, रोमेलच्या इंधनाची जहाजं कधी निघतात तेसुद्धा कळत होतं. २३ ऑक्टोबरला अल अलामीन सुरू झालं तेव्हा रोमेल आजारपणाच्या रजेवर ऑस्ट्रियात होता. यावरून रोमेल सामान्य ठरत नाही, त्याचे डावपेच आणि सैनिकांना खेचून नेण्याची ताकद खरी होती. पण टोब्रुक पडल्यावर माल्टा या ब्रिटिश बेटाचा काटा काढायचा सोडून इजिप्तकडे धावायचं हा त्याचा आग्रह होता, रसदेचं बंदर ट्रिपोली तिथून २,००० किमीच्या आसपास मागे, आणि माल्टा त्याची जहाजं बुडवत राहिला. रसद हा कारकुनांचा विषय आहे असं मानणारा सेनापती माझ्या लेखी पहिल्या रांगेत बसत नाही. मॉन्टगोमरी पाठलागात संथ होता हे बरोबर, पण त्याच्यावर जुगार खेळायची वेळच आली नव्हती आणि त्यानं तो खेळला नाही, हाही एक गुणच आहे.

याउलट आपले सेनाधिकारी सगत सिंग यांच्याबद्दल फार कमी बोललं जातं. १९७१ ला त्यांच्या चौथ्या कोअरचं काम मेघना नदीच्या अलीकडचा भाग घेण्याचं, ढाका त्यांच्या हुकमात नव्हतं. ९ डिसेंबरला पाकिस्तानी सैन्यानं आशुगंजचा पूल उडवला. पुस्तकी उत्तर म्हणजे थांबा, पूल बांधा. त्यांनी हाताशी असलेली मोजकी मी-४ हेलिकॉप्टर घेतली आणि रात्रंदिवस फेऱ्या मारून सैन्य नदीपलीकडे उतरवलं, आणि ढाक्याचा पूर्वेकडचा दरवाजा उघडला. माणेकशांचं मोठेपण मला दुसऱ्या ठिकाणी दिसतं, एप्रिलमध्ये दबाव असताना त्यांनी थांबायला सांगितलं, पावसाळा जाऊ दे, हिमालयातल्या खिंडी बर्फानं बंद होऊ देत, तयारी होऊ दे. एकानं वेळ निवडली, दुसऱ्यानं मिळालेली वेळ सोडली नाही. हे दोन वेगळे गुण आहेत आणि यांना एकाच पट्टीनं मोजायला गेलं की दोघांवरही अन्याय होतो.

आणि बाजीराव असता तर पानिपत जिंकलं असतं का? १७२८ ला निजाम पुण्यापर्यंत येऊन बसला तेव्हा बाजीराव पुणं वाचवायला परत आलाच नाही. तो निजामाच्याच मुलखात घुसला, जालन्याकडे, बुऱ्हाणपूरची हूल दिली, गुजरातेत गेला, शेवटी निजामाला पुणं सोडून मागे यावं लागलं, वेगासाठी जड तोफा मागे ठेवाव्या लागल्या, आणि पालखेडला पाणी तोडून त्याला असा कोंडला की मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह झाला. १७६१ चं सैन्य वेगळं होतं. भाऊसाहेबांनी वर्षभर आधी उदगीरला इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याचं यश डोळ्यांनी बघितलेलं, त्यामुळे तोफा आणि कवायती पलटणी यांच्याभोवती लढाई आखणं त्यांच्या दृष्टीनं चूक नव्हतंच. पण बरोबर हजारो यात्रेकरू, बायकामुलं, बाजारबुणगे, मागे दिल्लीचा रस्ता अब्दालीनं बागपतला यमुना ओलांडून कापलेला, रसद आणणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरमध्ये मारले गेलेले. १४ जानेवारीला उपाशी घोड्यांवर बसून जे लढले ते दुपारपर्यंत बरोबरीनं लढले, हे मला आजही वाचताना गलबलून येतं. त्या छावणीत त्या दिवशी बाजीराव नेऊन ठेवला तरी त्याच्याकडे त्याचं खरं शस्त्र, म्हणजे मोकळं धावणारं घोडदळ आणि भोवतालच्या मुलखाची साथ, यातलं काहीच नसतं. पण तीन महिने आधी, यमुनेजवळचा कुंजपुरा घेतल्यावर, नदीचे उतार कोण राखतंय हा प्रश्न त्यानं विचारला असता असं मला नक्की वाटतं, कारण पालखेडला त्यानं पाणी आणि वाटा याच दोन गोष्टींवर निजामाला धरलं होतं. भाऊसाहेब आणि बाजीराव यांची तुलना करायचीच असेल तर ती ऑक्टोबर १७६० मधल्या यमुनेच्या काठावर करा, जानेवारीच्या रणांगणावर नको.